पाण्यातले हॉर्मोन आधी माशांनी पकडले

आरओवाला घरी आला की टीडीएस मीटर पेल्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि आपण लगेच टेन्शनमध्ये. परवा आमच्या पुण्यातल्या सिंहगड रोडच्या सोसायटीतल्या एका काकूंनी त्याला विचारलं, यात हॉर्मोन दिसतात का हो, तर म्हणे सगळं दिसतं मॅडम. अजिबात दिसत नाही! पण काकूंचंही चुकलं नाही, २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी याच पट्ट्यात आली, तेव्हापासून इकडे सगळेच पाण्याला बिचकून असतात. तेव्हा तपासले ते जंतू आणि क्लोरीन. हॉर्मोनचा विषयच वेगळा.

टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. हॉर्मोन मोजायचे नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे त्याच्याही दहा लाखपट खाली. आपल्याला पाणी देणाऱ्या खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, त्या अख्ख्या पाण्यात लिटरला १ नॅनोग्रॅम हवं असेल तर एकूण हॉर्मोन लागेल साधारण ५६ ग्रॅम. एक वाटी साखरसुद्धा नाही! आता एवढं कमी कुणी कशाला शोधायला जाईल, आणि खरंच बरीच वर्षं कुणी फारसं गेलं नाही.

गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम हॉर्मोन, इथिनिल इस्ट्राडायोल, १९३८ ला बर्लिनच्या शेरिंग कंपनीत बनलं, ६० च्या दशकात गोळ्या जगभर गेल्या, पण नदीत काय चाललंय ते कळलं इंग्लंडमध्ये आणि तेही माशांमुळे. लंडनजवळच्या ली नदीत सांडपाणी केंद्राच्या खाली रोच नावाचे मासे सापडले, एकाच माशात थोडा नर थोडी मादी. मग ८० च्या दशकात संशोधकांनी ट्राउट मासे पिंजऱ्यात घालून थेट सांडपाण्याच्या तोंडाशी ठेवले. अंड्यातल्या बलकासाठी मादीच्या यकृतात व्हायटेलोजेनिन नावाचं प्रोटीन बनतं, नराकडे त्याचं जनुक असतं पण ते चालू करण्याइतका इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं हॉर्मोन, नसतो, आणि इथे नरांच्या रक्तात ते भरमसाट! ब्रुनेल युनिव्हर्सिटीचे जॉन सम्प्टर आणि सहकाऱ्यांनी १९९४ ला हे छापलं.

पाण्यात काहीतरी आहे हे कळलं, काय आहे ते मात्र नाही. पहिला संशय साबण-डिटर्जंटवाल्या केमिकलवर, कारण अमेरिकेत अॅना सोटो आणि कार्लोस सोननशाइन यांच्या लॅबमध्ये पेशी उगाचच वाढायला लागल्या होत्या आणि दोषी निघालं प्लास्टिकच्या नळ्यांतून झिरपणारं नोनिलफिनॉल, जे काही डिटर्जंट तुटूनही बनतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये लोकर धुणाऱ्या गिरण्यांच्या खालच्या नदीत तेच खरं ठरलं. पण घरगुती सांडपाण्यातले घटक एकेक करून वेगळे केले तेव्हा, १९९८ ला, उत्तर निघालं साधं. माणसांचीच लघवी. त्यातले नैसर्गिक इस्ट्रोन, इस्ट्राडायोल, आणि जोडीला थोडं गोळीतलं. गंमत म्हणजे शरीर हे हॉर्मोन बहुतेक निष्क्रिय करून बाहेर टाकतं, गटारातले जंतू ते बांधलेलं सोडवून पुन्हा चालू करून देतात. त्यामुळे सगळं खापर गोळीवर फोडू नका, आपल्याकडे तर अजूनही गोळीपेक्षा कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनच जास्त.

टेस्टही तशाच दोन वाटांनी वाढल्या. एक, माणसाचा इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन ओळखणारं प्रोटीन) घातलेलं यीस्ट, पाण्यात तसं काही असलं की रंग पिवळ्याचा लाल होतो, हे १९९६ चं. ते एकूण परिणाम सांगतं, नाव सांगत नाही. दुसरी, लिटरभर पाणी बारीक कार्ट्रिजमधून ओढून जे अडकलं ते मास स्पेक्ट्रोमीटरला (वजनावरून रेणू ओळखणारं यंत्र) द्यायचं, हे नाव आणि आकडा दोन्ही देतं, पण जे शोधायला सांगितलं तेवढंच.

एवढ्याशाने काय होतंय असं वाटत असेल तर कॅनडाचं बघा. २००१ ते २००३ एका प्रयोगाच्या तलावात मुद्दाम लिटरला ५-६ नॅनोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल सोडलं आणि तिथले मिनो मासे जवळजवळ संपले. खडकवासल्याच्या हिशेबात तीनशे ग्रॅमच्या आसपास. अर्थात ते मासे, चोवीस तास त्यातच राहणारे, आपण पेलाभर पिणारे, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

युरोपने २०२२ ला पिण्याच्या पाण्याच्या वॉच लिस्टवर, म्हणजे लक्ष ठेवायच्या यादीवर, इस्ट्राडायोल घेतलं, १ नॅनोग्रॅमचा आकडा लावून. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, कीटकनाशकं आहेत, जड धातू आहेत, इस्ट्रोजेनची ओळच नाही, म्हणून पाण्याचा रिपोर्ट ओके आला तरी त्यावरून याबद्दल काहीच कळत नाही.

आणि पुण्याचं एक आहे, आपलं पाणी वरून येतं, पानशेत-वरसगाव-खडकवासल्यातून, आपलं सांडपाणी खाली जातं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. काकूंच्या नळाआधी भीमेवरच्या दौंडच्या पुढचा नमुना घ्यायला हवा.