सी-ओ-एन-टी-आर : एकाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांची पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. परवा एका मुलीनं वही पुढे केली. "सर, हे शब्द एकमेकांत घुसून राहिले." पानावर एकाखाली एक चार शब्द होते : कॉन्ट्रॅक्ट, कॉन्ट्रास्ट, कॉन्ट्रिब्यूट, कंट्रोल. चौघांचीही पहिली पाच अक्षरं सी-ओ-एन-टी-आर. अर्थ मात्र करार, फरक, हातभार आणि ताबा. स्पर्धा परीक्षेच्या याद्या अकारविल्हे छापलेल्या असतात आणि मुलं त्या तशाच पाठ करतात. त्यामुळे तिचा गोंधळ अगदी साहजिक होता.

शब्द असे अकारविल्हे लावायची सवय इंग्रजीत बरीच उशिरा रुळली. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री यांनी सुमारे २,५०० अवघड शब्दांचा कोश काढला. इंग्रजीचा इंग्रजीतच अर्थ देणारा पहिला कोश म्हणून तो ओळखला जातो. शब्द 'ए'नं सुरू होत असेल तर आरंभी पाहा, 'व्ही'नं होत असेल तर शेवटाकडे जा, हेसुद्धा त्यांना वाचकाला समजावून सांगावं लागलं. ही केवळ शोधण्याची सोय होती. शेजारी बसलेल्या शब्दांचं नातं असेलच, असा तिचा दावा कधीच नव्हता.

या चार शब्दांत खरी घराणी दोन आहेत. लॅटिनमधला 'कॉन' म्हणजे एकत्र, साधारण आपल्या 'सम्'सारखा. 'कॉन्ट्रा' म्हणजे विरुद्ध, समोरून. कॉन्ट्रॅक्टमध्ये 'कॉन'पुढे ओढणे या अर्थाचं क्रियापद आहे. दोन बाजू एकत्र ओढल्या की करार होतो. वस्तू आतल्या आत ओढली गेली की आकुंचन होतं आणि त्यालाही हाच शब्द चालतो. कॉन्ट्रिब्यूटमध्ये 'कॉन'पुढे वाटून देणे आहे. कॉन्ट्रास्टची फोड मात्र 'कॉन्ट्रा'नंतर पडते. पुढे उरतं ते उभं राहणं, आणि ते आपल्या 'स्था' धातूच्याच कुळातलं. दोन गोष्टी समोरासमोर उभ्या केल्या की फरक दिसतो.

कंट्रोलची कथा मला सगळ्यात आवडते. मध्ययुगीन युरोपात हिशेब गुंडाळ्यांवर लिहीत. मूळ गुंडाळीत कुणी फेरफार करू नये म्हणून पडताळ्याला दुसरी गुंडाळी ठेवत. ती 'कॉन्ट्रा' गुंडाळी. तिच्यावरून आधी तपासणी आणि मग ताबा असा अर्थ आला. या गुंडाळीच्या 'रोटुलस' या लॅटिन शब्दातूनच 'रोल' आला, आपल्या हजेरीतल्या रोल नंबरातला.

मराठी मुलांना खरं तर हे नवं वाटू नये. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही माळ आपण शाळेत म्हटलेली असते. एकच धातू, उपसर्ग बदलला की अर्थ भलतीकडे. इंग्रजी यादीत तीच गंमत उलटी होते. सुरुवात सारखी राहते आणि धातू बदलतो.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. १८६१ मध्ये शहर मध्य प्रांताची राजधानी झालं, १९२३ मध्ये विद्यापीठ आलं. इंग्रजी शब्द पाठ करणं इथल्या घरांत तेव्हापासून मुरलं. हेच हिस्लॉप गोंडी माणसांत बसून त्यांचे शब्द कानांनी टिपत होते. आमच्या मुलांच्या वाट्याला मात्र कान कमी आणि छापील यादी जास्त आली, याचं मला वाईट वाटतं.

कारण सगळी इंग्रजी लॅटिनच्या उपसर्गांवर चालत नाही. स्निफ, स्नोअर, स्नाउट, स्नॉर्ट हे सगळे नाकाशी जोडलेले आहेत आणि तिथं उपसर्ग कुठेच नाही. जॉन वॉलिस या गणितज्ञानं १६५३ च्या आपल्या व्याकरणात असे गट नोंदवले होते. डब्ल्यू-आर आलं की पीळ किंवा वाकडेपणा, असं त्यांचं निरीक्षण : रिस्ट (मनगट), रिंग (पिळणे), रेसल (कुस्ती खेळणे). अशा ध्वनिगटाला १९३० मध्ये 'फोनेस्थीम' हे नाव दिलं भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी. ते त्याआधी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपल्याकडे 'फ' म्हणून पाहा : फुंकर, फुत्कार, फुसफुस, फुरफुर. प्रत्येकात हवा सुटते.

शिंकेचा 'स्नीझ' तर मूळचा या गटात नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो एफ-एननं सुरू होई. 'फ्न' मागे पडत गेला, त्या काळचा लांब 'एस' दिसायलाही 'एफ'सारखाच होता, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द नाकाच्या बाकीच्या शब्दांत येऊन बसला.

मुलीनं चारही शब्दांवर फोडीच्या रेघा मारल्या, कंट्रोलपुढे 'रोल नंबर' लिहिलं आणि पान उलटलं. पुढची यादी के-एनची : नी, नो, नाइफ, नॉट. "यातला के कशाला असते सर?" पूर्वी तो उच्चारला जाई. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो. मी तिला 'नी'समोर त्याच कुळातला, 'आजानुबाहू'मधला जानु लिहायला सांगितला आणि 'नो'समोर तसंच ज्ञान. तिनं 'ज्ञ' गिरवला, त्यातला 'ज'चा आवाज स्वतःशीच वेगळा काढून पाहिला आणि के-वर बोट ठेवलं.