सगळ्या गुंजा एकाच वजनाच्या?

प्रत्येक गुंज नेमक्या एकाच वजनाची, म्हणून सोनार ती तराजूत टाकत, असं पिढ्यानपिढ्या ऐकत आलोय. हे खरं नाही. कुंपणावर चढणाऱ्या, फिकट जांभळ्या फुलांच्या या रानवेलीची तडकलेली शेंग तळहातावर घ्या. लाल-काळ्या बिया लहानमोठ्या दिसतातच. वजनाच्या जुन्या मापात ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची. पण ही सरासरी! बिया निवडूनच घ्याव्या लागत. गुंज कामी आली ती टणक कवचामुळे. वाळलेल्या बीत ओल सहसा शिरत नाही, वजन टिकतं.

आणि पाला गोड, विड्यात घालतात, म्हणून बी निर्धोक समजू नका. त्यात अ‍ॅब्रिन हे जहाल विष असतं. चावलेली गुंज जिवावर बेतू शकते.