‘पत्र’ नावाची फाइल आणि बारा बाइट

गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि रिपॉझिटरी म्हणजे ते ज्यावर लक्ष ठेवतं ते फोल्डर. अशा एका रिपॉझिटरीत ‘पत्र’ नावाची फाइल तयार करा आणि ‘गिट स्टेटस’ ही कमांड द्या. मूळ सेटिंग बदललेलं नसेल, तर पडद्यावर हे येतं:

"\३४०\२४४\२५२\३४०\२४४\२४४\३४०\२४५\२१५\३४०\२४४\२६०"

पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. फाइल बिघडली की काय? फाइल ठणठणीत आहे. हे तिचंच नाव आहे, फक्त बाइट-बाइट सुटं करून लिहिलेलं.

मोजून पाहा. संगणकाच्या लेखी ‘पत्र’मध्ये ४ चिन्हं आहेत: प, त, हलन्ताची खूण आणि र. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या रूढ पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १२. गिट प्रत्येक बाइट एक उलटी तिरपी रेघ आणि अष्टमान पद्धतीचे (० ते ७ एवढेच अंक वापरणाऱ्या) तीन अंक असा छापतं. दोन अक्षरांचं नाव अशा रीतीने ४८ खुणांचं होतं.

हा खटाटोप कशासाठी? लिनक्सवर फाइलचं नाव म्हणजे सहसा नुसती बाइटांची माळ असते. पाथमधली तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडले, तर तिच्यात काहीही चालतं, अगदी नवी ओळ सुरू करणारी खूणसुद्धा. ओळीगणिक एक फाइल असं धरून चालणारा प्रोग्राम अशा एका नावाच्या दोन फाइली समजेल. काही खुणा तर टर्मिनलचा रंग बदलतात, कर्सर हलवतात. म्हणून संशयास्पद बाइट दिसला की गिट नाव अवतरणात घालून सुटं करतं. प्रोग्रामांसाठी ‘झेड’चा पर्याय वेगळा आहे: त्यात नावं जशीच्या तशी येतात आणि प्रत्येकाच्या शेवटी शून्य बाइट असतो.

वाचणारा कोण, यावर पत्ताही बदलतो. ‘गिट स्टेटस’ माणसासाठी असल्यामुळे तुम्ही ज्या फोल्डरात उभे आहात तिथून वाट सांगतं. वरच्या फोल्डरातल्या फाइलीआधी दोन टिंबं लागतात. फाइलीत काय बदललं ते दाखवणारं ‘गिट डिफ’ मात्र तुम्ही कुठेही असा, रिपॉझिटरीच्या मुळापासून मोजतं आणि जुन्या बाजूला ‘ए’, नव्या बाजूला ‘बी’ जोडतं. त्यातून निघणारी बदलांची यादी, म्हणजे पॅच, दुसऱ्याच्या संगणकावर लागू व्हायची असते आणि तिथे तुमचं फोल्डर कुणाला ठाऊक असणार? मर्क्युरिअल या गिटसारख्याच दुसऱ्या साधनाचं ‘स्टेटस’ नुसतं चालवलं, तर तेही मुळापासूनच मोजतं.

पण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर संशयित ठरवणं मला पटत नाही. आपल्या लिपीत फाइलींना नावं देणाऱ्याला स्वतःचंच नाव वाचता येऊ नये, हे चूक आहे. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की ‘पत्र’ सरळ ‘पत्र’ दिसतं. नवी ओळ, टॅब, अवतरणचिन्ह यांवरचा पहारा तरीही कायम राहतो. हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

एका प्रसंगी मात्र ते आकडेच हवेसे वाटतात. ‘दऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं म्हणून. लिनक्सवर एकाच फोल्डरात ‘दऱ्या’ नावाच्या दोन फाइली त्यामुळे सुखाने नांदू शकतात आणि डोळ्यांना त्यांत काडीचा फरक दिसत नाही. सेटिंग पुन्हा ‘ट्रू’ करा. एका नावात ३४०-२४४-२६१ दिसेल, तर दुसऱ्यात त्याच जागी ३४०-२४४-२६० आणि लगेच ३४०-२४४-२७४.