सायकल-शक्ती : घरातील आणि रस्त्यावरील

सायकलस्वार दर सेकंदाला पेडलवर जेवढे कार्य करतो, त्याला सायकलिंगमध्ये शक्ती, बोलण्यात ‘पॉवर’, म्हणतात. ती वॉटमध्ये मोजतात. जर्मन अभियंते उलरिख शोबेरर यांनी १९८०च्या दशकात एसआरएम हे पॉवर मीटर तयार केले, तेव्हापासून ती चालत्या सायकलवर मोजता येऊ लागली. वॉट सगळीकडे सारखाच. तरीही रस्त्यावर तासभर सहज निघणारी पॉवर घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल एका जागी बसवून पेडल मारण्याच्या यंत्रावर, अनेकांना झेपत नाही. हा आळस नव्हे, मनाचा कच्चेपणाही नव्हे.

सर्वांत मोठे कारण उष्णता. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे २०० वॉट काढणाऱ्याच्या शरीरात सुमारे ६०० वॉट उष्णता तयार होत असते, छोट्या हीटरइतकी. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरचा वारा घाम वाळवतो आणि अंग निवते. खोलीत घाम नुसता ठिबकतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर अधिकच. मग त्वचेकडे जास्त रक्त वळते, वॉट तेवढेच असूनही नाडीचे ठोके चढत जातात आणि शेवटी पायच सुटतात. त्यामुळे महागड्या ट्रेनरच्या आधी मोठा पंखा घ्यावा, तोही थेट छातीवर वारा येईल असा ठेवावा.

दुसरे कारण जडत्व. सायकलसह ८० किलो वजनाचा स्वार ताशी ३६ किलोमीटर वेगात असताना त्याच्याकडे ४,००० जूल गतिज ऊर्जा असते. पेडल वरच्या-खालच्या टोकाला असताना जोर ओसरतो, पण ही ऊर्जा सायकल पुढे नेते. ट्रेनरच्या जडचाकात, म्हणजे फिरत राहून ऊर्जा साठवणाऱ्या जड चाकात, सहसा एवढा साठा नसतो, म्हणून प्रत्येक फेरीत पाय अधिक सलग दाबावा लागतो. बोरघाट चढतानाही असेच होते : वेग कमी, जडत्व कमी, भार अखंड. घाटात रमणाऱ्यांना ट्रेनर त्या मानाने कमी परका वाटतो.

शिवाय ट्रेनरवरची सायकल जखडलेली असते. उभे राहून पेडल मारताना ती डावी-उजवीकडे झुलत नाही आणि सीटवरचा दाब एकाच जागी राहतो.

एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी कमाल सरासरी पॉवर, काढण्यासाठी २० मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के धरण्याची पद्धत रूढ आहे. ही चाचणी जिथे सराव करायचा तिथेच द्यावी. रस्त्यावरचा आकडा घरात लादला की सोपा सरावही छळ होतो. दोन्हीकडे मोजणारे साधनही एकच हवे. पेडलवरचा मीटर साखळीतील घर्षणाच्या आधी मोजतो, मागच्या चाकाच्या जागी बसणारा ट्रेनर नंतर, त्यामुळे काही वॉटांचा फरक पडतोच.

घरातला तास मात्र भरगच्च असतो. सिग्नल नाही, उतार नाही, पाय थांबवायला सबब नाही. ‘अर्ग’ पद्धतीत ट्रेनर ठरवलेले वॉट स्वतःच राखतो, त्यामुळे नेमक्या मिनिटांचे इंटरव्हल, म्हणजे जोराचे आणि हलके असे आलटून-पालटून टप्पे, काटेकोर होतात. पाय मंदावले तर मात्र तेच वॉट राखण्यासाठी ट्रेनर भार वाढवतो, पेडल आणखी जड होते आणि स्वार अडकतो; अशा वेळी क्षणभर थांबून पुन्हा सुरुवात करणे बरे. ओल्या वळणावर तोल सांभाळणे, ब्रेकचा अंदाज, घोळक्यात दुसऱ्याच्या चाकामागे राहून वारा चुकवणे, हे सारे मात्र रस्त्यावरच शिकता येते.