शेरा आणि समीक्षा : हौशी छायाचित्रावर बोलण्याच्या दोन रीती

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की पुढच्या आठवड्यात आम्हा हौशी छायाचित्रकारांच्या बैठकीत वारीची छायाचित्रे मांडली जातात. अशाच एका बैठकीत एका मैत्रिणीने डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या वयस्कर वारकरी बाईचे छायाचित्र आणले होते. त्यावर पहिला अभिप्राय आला, "पार्श्वभूमी गोंधळाची आहे आणि फोकस चुकला आहे." यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही मैत्रिणीने वही मिटून ठेवली, कारण त्या वाक्याचे पुढे काय करायचे हे तिला कळेना. अशा अभिप्रायाला मी शेरा म्हणेन. तिला हवी होती ती समीक्षा. दोन्हींत तेच तांत्रिक शब्द येतात, दोन्ही जाणकाराच्या तोंडून येतात, त्यामुळे समीक्षेच्या जागी शेरा खपून जातो आणि पुष्कळदा तो देणाऱ्यालाही हे उमगत नाही.

शेरा हा शब्द आपल्याला गुणपत्रिकेवरून आणि कचेरीतल्या फायलीवरून ओळखीचा आहे. निर्णय नोंदवून मोकळे होणे हे त्याचे काम असते, आणि काही ठिकाणी तेच रास्त आहे. मोठ्या छायाचित्रस्पर्धांमध्ये परीक्षकांपुढे हजारो चित्रे येतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही सेकंद येतात, आणि गुण देऊन पुढच्या चित्राकडे वळण्यावाचून परीक्षकांना गत्यंतर नसते. आपले चित्र स्वीकारले गेले की नाकारले गेले एवढेच त्या गुणांवरून समजते. त्यावरून शिकू पाहणाऱ्या नवख्याची निराशा होते, आणि त्यात परीक्षकाचा दोष नसतो.

या दोहोंतला फरक कठोरपणाचा आहे, शेरा बोचरा असतो आणि समीक्षा गोड असते, असा एक समज आहे. तो मला साफ चुकीचा वाटतो. "अप्रतिम", "काय टिपलंय!" हेही शेरेच आहेत, ते ऐकून मन सुखावते, पण पुढच्या वेळी यातले काय जपायचे हे त्यातून कळत नाही. उलट अत्यंत प्रतिकूल समीक्षासुद्धा उपयोगी पडते, कारण ती चित्रात प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टीपासून सुरू होते, तिचा पाहणाऱ्यावर काय परिणाम झाला ते सांगते, तो कशामुळे झाला याचा माग काढते आणि मग काय करता येईल यावर येते.

वारीच्या त्याच छायाचित्राकडे परत जाऊ. बैठकीतले एक ज्येष्ठ सदस्य काही वेळ गप्प बसून ते पाहत राहिले आणि मग म्हणाले, "माझी नजर आधी आजींच्या डोक्याच्या उजवीकडे दिसणाऱ्या पिवळ्या फ्लेक्सवर गेली, तिथून बांगड्यांवर आली आणि चेहऱ्यापर्यंत तिसऱ्या खेपेला पोहोचली. तुम्हाला चेहरा दाखवायचा होता ना?" तिने होकार दिल्यावर त्यांनी कारणे मांडली. वृंदावन सावरण्यासाठी वर केलेला हात चेहऱ्याच्या पुढे आला होता, आणि कॅमेऱ्याने आपणहून फोकस निवडताना जवळची, ठळक वस्तू म्हणजे बांगड्या पकडल्या होत्या. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/१.८ इतके मोठे होते (हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) आणि अंतर जेमतेम दीड मीटर. ५० मिलिमीटरच्या लेन्सला इतक्या जवळून स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढे अंतर स्पष्ट दिसते ते, वीतभरसुद्धा मिळत नाही, त्यामुळे मागचे डोळे मऊ पडले. फोकसचा बिंदू स्वतः डोळ्यावर ठेवला असता, किंवा ॲपर्चर एफ/५.६ पर्यंत लहान केले असते, तर चेहरा हाती लागला असता. फ्लेक्ससाठी दोन पावले डावीकडे सरकणे पुरेसे होते. मग तो आजींच्या डोक्यामागे झाकला गेला असता. घरी बसून आता काय करता येईल, तर पिवळ्या रंगाची तीव्रता आणि उजळपणा उतरवता येईल, मात्र गेलेला फोकस परत आणता येणार नाही. शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी तिच्या स्वतःच्याही लक्षात आली नव्हती : पितळी वृंदावनाच्या कडेवर पडलेला सकाळचा तिरपा प्रकाश तिने करपू न देता नेमका राखला होता.

शेऱ्यातली दोन्ही विधाने या बोलण्यात जशीच्या तशी आहेत. भर पडली आहे ती नजरेच्या प्रवासाची, हेतूच्या चौकशीची आणि दोषांच्या वर्गवारीची. ही वर्गवारी मला फार मोलाची वाटते. टिपताना सुधारता आला असता असा दोष, संगणकावर अजूनही सुधारता येईल असा दोष आणि आता कशानेही न सुधारणारा दोष हे तीन निरनिराळे आहेत. ते एकत्र कालवून सांगितले की ऐकणाऱ्याला सगळेच हातचे गेल्यासारखे वाटते.

हेतू न विचारता बोलले की काय होते ते मी स्वतः अनुभवले आहे. गणेशोत्सवात ढोलपथकाचे एक चित्र मी सेकंदाच्या १/६० भागात टिपले होते, टिपरू हलताना दिसावे अशी माझी इच्छा होती. मला शेरा मिळाला, "हात हलला." मी दुखावलो आणि माझा हेतू कोणाला कळलाच नाही असे म्हणत राहिलो. पुढे एका मित्राने तो हेतू विचारून घेतला आणि मग दाखवले की टिपरू इतके थोडे पुसट झाले आहे की ते मुद्दाम केलेले वाटत नाही, शिवाय वादकाचा चेहराही किंचित हलला आहे, त्यामुळे चित्र धड स्थिर नाही आणि धड गतिमानही नाही. शटर १/१५ पर्यंत मंद करून, खांबाला टेकून, वादक मान स्थिर ठेवतो तो क्षण गाठावा असे त्याने सुचवले. म्हणजे शेरा मारणाऱ्याला काहीतरी खटकले होते ते खरेच होते. त्याने लावलेले कारण तेवढे चुकले होते.

नियम पुढे करणे हाही शेऱ्याचाच एक प्रकार आहे. "विषय मधोमध आहे, तृतीयांशाचा नियम पाळा", म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून विषय त्यांच्या रेषांवर ठेवा, हे वाक्य नवख्यांना नेहमी ऐकवले जाते. हा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांतील उजेड-अंधाराच्या आणि जमीन-आकाशाच्या वाटणीसंबंधी मांडला, तेव्हा छायाचित्रण अस्तित्वातही नव्हते. नियम टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. पण मध्यभागी ठेवलेल्या विषयामुळे या चित्रात काय बिघडले हे सांगता येत नसेल, तर नियमाचे नाव घेऊन उपयोग नाही.

अभिप्राय घेणाऱ्याकडेही अशीच दोन गोष्टींची गल्लत होते, खुलासा आणि बचाव यांची. "मला टिपरू हलते दाखवायचे होते" हा खुलासा झाला. त्याने समीक्षकाच्या हाती नवी माहिती येते. "पहाटे चारपासून उभा होतो, गर्दी किती होती" हा बचाव झाला. ते कष्ट खरे असले तरी चौकटीत उतरलेले नसतात आणि पाहणाऱ्याला दिसत नाहीत. चित्र कातरण्याची, म्हणजे कडेचा नको तो भाग कापून टाकण्याची, सूचना आली की "मी चित्र कधीच कातरत नाही" असे बाणेदारपणे सांगणारेही भेटतात. न कातरण्याबद्दल ख्याती असलेल्या फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे १९३२ मध्ये टिपलेले, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे छायाचित्र कातरलेलेच आहे, कारण ते कुंपणाच्या फटीतून टिपताना एका बाजूला फळी आली होती.

कोणता प्रश्न विचारला यावरही उत्तराचा प्रकार ठरतो. "कसा वाटला?" असे विचारले की शेराच मिळतो. "तुमची नजर आधी कुठे गेली?" किंवा "यातले काय काढले तर काही बिघडणार नाही?" असे विचारले, तर उत्तर देणाऱ्याला चित्राकडे पुन्हा पाहावेच लागते. चित्र व्हॉट्सॲपवरून पाठवायचे असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, कारण एरवी ते आकसून पोहोचते आणि स्पष्टतेवर बोलणारा मूळ चित्राऐवजी त्या आकसलेल्या प्रतीबद्दल बोलत राहतो.

दोन समीक्षा परस्परविरोधी आल्या की नवखे गोंधळतात आणि त्यांतली सोयीची निवडतात. त्या वारीच्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक अर्धवट भगवी पताका होती; एकाने ती कातरायला सांगितली आणि दुसऱ्याने ती पूर्ण दिसेल अशी दुसरी फ्रेम शोधायला सांगितले. ऐकताना हा मतभेद वाटला, पण पताका अर्धवट असल्यामुळे नजर कोपऱ्याकडे ओढली जाते हे निरीक्षण दोघांचेही एकच होते आणि फरक फक्त उपायात होता. मैत्रिणीने मूळ फाइलला हात न लावता एका प्रतीत कोपरा कातरला, त्याच सकाळच्या इतर फ्रेम चाळून पूर्ण पताका असलेली एक बाजूला काढली, आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून पुढच्या बैठकीत आधी नजरेचाच प्रश्न विचारला.