प्लाझ्मा सांडपाणी ‘जाळत’ नाही

‘प्लाझ्मा म्हणजे हजारो अंशांची आग, त्यात सांडपाण्यातली घाण जळून खाक होते’ हा समज बरीच वर्षं फिरतोय. ऐकायला झकास, पण चुकीचा.

प्लाझ्मा म्हणजे असा वायू, ज्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. सांडपाणी साफ करायला सहसा शीत प्लाझ्मा वापरतात. त्यात खरे तापलेले असतात ते इलेक्ट्रॉन. वायू आणि पाणी फारसं तापत नाही. तंत्राचं मूळही जुनं आहे. जर्मन संशोधक वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये अशाच विद्युत विसर्जनातून, म्हणजे वायूतून वीज सोडून, ओझोन बनवला होता.

मग घाण जाते कशी? पीएफएएस घ्या, म्हणजे आग विझवायच्या फेसात आणि नॉनस्टिक लेपांत वापरलेली रसायनं. त्यांच्यातला कार्बन-फ्लोरिन बंध इतका चिवट, की पाणी शुद्ध करायला वापरतात तो ओझोनही हात टेकतो. मात्र या रेणूंचं शेपूट पाण्याला टाळतं. खालून आरगॉन या निष्क्रिय वायूचे बुडबुडे सोडले की ते बुडबुड्यांना चिकटून पृष्ठभागावर येतात, आणि प्लाझ्माच्या ठिणग्यांचं जाळं नेमकं तिथेच पसरलेलं असतं. पाण्यात शिरणारे इलेक्ट्रॉन आणि आरगॉनचे आयन (विद्युतभारित अणू) तिथे रेणू तोडतात.

आखूड कार्बन साखळीचे पीएफएएस रेणू मात्र पाण्यातच रेंगाळतात, त्यांना वेळ लागतो. आरगॉनऐवजी साधी हवा वापरली तर पाण्यात नायट्रेट तयार होतं, पाणी आम्लधर्मी होतं. विजेचा खर्च हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून अख्ख्या शहराचं सांडपाणी यातून काढण्यापेक्षा आधी प्रदूषक थोड्या पाण्यात एकवटून तेवढ्यावरच प्लाझ्मा चालवणं शहाणपणाचं.