मिझोराम १९६६: बॉम्बहल्ल्याची चर्चा आणि उठवलेली गावे

१० ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत अविश्वास ठरावाला उत्तर देताना पंतप्रधानांनी मार्च १९६६ मधील मिझोरामच्या हवाई हल्ल्याचा उल्लेख केला आणि त्यावर बराच वाद झाला. आपल्याच हवाई दलाने आपल्याच नागरिकांवर बॉम्ब टाकावेत, ही गोष्ट लहान नाही. पण मिझो समाज मुळापासून हलला तो त्यानंतर दहा महिन्यांनी सुरू झालेल्या ‘ग्रुपिंग’मुळे, म्हणजे गावे उठवून लोकांना पहाऱ्यातल्या केंद्रांत एकत्र आणण्यामुळे. उर्वरित देशात त्याबद्दल फारसे कोणाला ठाऊक नाही.

मिझो टेकड्या तेव्हा आसाममधला एक जिल्हा होत्या. तिथल्या मौतक जातीच्या बांबूला साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलोरा येतो. त्याची फळे खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि फळे संपली की भाताच्या शेतांवर पडतात. १९५९ मध्ये तसेच झाले. जिल्हा परिषदेने आसाम सरकारला आधीच सावध केले होते, पण ते कोणी मनावर घेतले नाही. लोकांना धान्य पोहोचवायला ‘मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट’ उभा राहिला. त्याच वेळी, १९६० मध्ये, आसामी ही राज्याची राजभाषा करणारा कायदा आला. उपासमारीच्या रागात भाषेचा राग मिसळला. ऑक्टोबर १९६१ मध्ये संघटनेच्या नावातला ‘फॅमिन’ गळाला आणि मिझो नॅशनल फ्रंट (एमएनएफ) हा पक्ष झाला. त्याचे नेते लालडेंगा हे पूर्वी लष्करात हवालदार होते, नंतर जिल्हा परिषदेत कारकून.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री एमएनएफने ऐझॉल, लुंगलेई, चंफाई अशा ठिकाणी एकाच वेळी हल्ले केले आणि दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्याची घोषणा केली. ऐझॉलमधली आसाम रायफल्सची छावणी वेढली गेली. मग तुफानी आणि हंटर विमाने आली. ऐझॉलचा मोठा भाग जळाला. विमाने माणसे आणि रसद उतरवायला गेली होती, असे सरकारने तेव्हा सांगितले. मिझो लोकांनी मात्र जे पाहिले ते पाहिले. ५ मार्च हा दिवस तिथे आजही ‘झोराम नी’ म्हणून पाळला जातो. त्या वेळी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. नोव्हेंबरमध्ये ते गृहमंत्री झाले. म्हणजे या मोहिमेचे दोन्ही निर्णायक टप्पे त्यांच्या कारकिर्दीत येतात. महाराष्ट्रात त्यांच्यावर एवढे लिहिले-बोलले जाते, त्यात मिझोरामलाही जागा मिळायला हवी.

शहरे लवकर परत मिळाली, पण बंडखोर जंगलात पसरले. गावे त्यांना भात देत होती, कधी मनापासून तर कधी बंदुकीच्या धाकाने. बंडखोरांना गावांपासून तोडायचा उपाय ब्रिटिशांच्या मलायातून (आजच्या मलेशियातून) आला. तिथे १९५० पासून ब्रिग्ज योजनेखाली सुमारे ५ लाख लोकांना, बहुतेक चिनी वंशाच्या, कुंपणाच्या ‘नव्या गावां’त हलवले होते. ही तुलना मला तेव्हाही चुकीची होती असेच वाटते. मलायातले बरेचसे लोक जंगलाच्या कडेला जमिनीच्या कागदाविना राहत होते. मिझो माणूस राहत होता तो स्वतःच्या गावात, जिथे त्याचे चर्च होते, पूर्वजांच्या कबरी होत्या आणि झूम शेतीची, म्हणजे डोंगरउतारावरचे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीची, पाळी ठरलेली होती.

जानेवारी १९६७ मध्ये सिलचर-ऐझॉल-लुंगलेई रस्त्याच्या कडेला १८ केंद्रे उघडली. त्यांना ‘संरक्षित व प्रगतिशील गावे’ असे नाव दिले. पुढच्या तीन वर्षांत ७६४ पैकी ५१६ गावे उठवून ११० केंद्रांत कोंबली गेली. दहापैकी आठ माणसांचे घर सुटले. डार्झो गावाची हकिकत एका लष्करी अधिकाऱ्याने पुढे सांगितली आणि ती नोंदली गेली आहे. लोकांनी सामान उचलून आपल्याच घरांना आग लावावी, असा हुकूम होता. लोकांनी नकार दिला, तेव्हा जवानांनी आग लावली. नेता न येणारे धान्यही जाळायचे होते. शेवटी गावच्या वडीलधाऱ्यांकडून कागदावर सह्या घेतल्या: आम्ही स्वखुशीने हललो, गाव आम्हीच जाळले, आमच्यावर बळजबरी झाली नाही. सरकारी कागदांत या सह्या संमती म्हणून जमा झाल्या.

केंद्रांत हजेरी होती, ओळखपत्र होते, संचारबंदी होती. झूमची शेते दूरच्या डोंगरउतारावर असतात आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत माणूस तिथेच मुक्काम ठोकतो. तो मुक्कामच बंद झाला. पिकवून खाणारा समाज शिधावाटपाच्या रांगेत आला. १९७० मध्ये प्रकरण न्यायालयात गेल्यावर पुढचे ग्रुपिंग थांबले.

बंड तरीही थांबले नाही. बंडखोरांचे पूर्व पाकिस्तानातले तळ १९७१ मध्ये गेले, १९७२ मध्ये मिझोराम केंद्रशासित झाला, सरकार आणि एमएनएफ यांच्यातला १९७६ चा समझोता फिसकटला. या सगळ्या काळात चर्चच्या मंडळींनी दोन्ही बाजूंशी बोलणे तुटू दिले नाही. अखेर ३० जून १९८६ रोजी करार झाला. केंद्रातर्फे सही केली गृहसचिव राम प्रधान यांनी. ते महाराष्ट्र केडरचे, आणि चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव होते. सहीचा दिवस हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम राज्य बनले. लालडेंगांचे सहकारी झोरामथांगा मुख्यमंत्री असताना, २००६-०७ च्या सुमारास, बांबू पुन्हा फुलला. या वेळी सरकारने आधीच योजना आखली आणि उंदरांच्या शेपट्या पैसे देऊन विकत घेतल्या. पिकांचे नुकसान झाले, बंड झाले नाही.

या कराराचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. बंदूक खाली ठेवल्यावर ती पुन्हा उचलली गेली नाही, असे करार देशात मोजकेच. पण उठवलेल्या गावांपैकी बरीचशी पुन्हा वसली नाहीत. माणसे केंद्रांतच राहिली, रस्त्याच्या कडेची ती वस्ती वाढत गेली, अनेक जण ऐझॉलला गेले. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची ५२ टक्के लोकसंख्या शहरी भरली, ईशान्येतल्या सगळ्या राज्यांत सर्वाधिक. याची कारणे अनेक आहेत, पण त्यांची सुरुवात १९६७ च्या त्या १८ केंद्रांपासून होते.